दुहेरी भिंतीची टाकी

रिग्गई, कुवेत
मार्च २००१

प्रिय सुयोग,

परवा तुझा फोन आला तेव्हा स्वरा समोरच बसली होती, म्हणून मी फार बोलले नाही. तू विचारलंस, सगळं ठीक ना, आणि मी हो म्हटलं. हल्ली आपले फोन असेच होतात. मी मुद्द्याचं काही काढलं की तुझी लाइन खराब होते, आई हाक मारते, नाहीतर दारात कुणीतरी आलेलं असतं. नाशिकला एवढे पाहुणे कधीपासून यायला लागले, असं विचारावंसं वाटतं. पत्राला ती सोय नाही, म्हणून पत्र लिहितेय. मध्येच बाजूला ठेवू नकोस. बसून शेवटपर्यंत वाच.

आधी घरची हालहवाल. रूपेशच्या कंपनीनं शाळेचं वर्ष संपेपर्यंत फ्लॅट आमच्याकडे राहू दिलाय. माझा अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, क्लिनिकच्या नावावर आहे, तेव्हा आम्हाला लगेच कुणी हाकलणार नाही. लॅबमधली माझी नोकरी तुम्ही दोघं टाइमपास म्हणायचात, आता त्यावरच आम्ही उभ्या आहोत. स्वरा बरी आहे, म्हणजे जेवते, शाळेत जाते. माझ्याशी मराठी बोलणं तिनं जवळजवळ बंद केलंय. मी काही विचारलं की "आय ॲम फाइन, आई" एवढंच. गेल्या शुक्रवारी भांडी पुसता पुसता तिनं मला एकदम विचारलं, "मामा इज नॉट कमिंग बॅक, इज ही?" मी म्हटलं, त्याची तिकडे कामं आहेत. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुढची ताटली घेतली. तेरा वर्षांच्या मुलीला फसवणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरी मुली नसाव्यात.

मागचं न्हाणीघर मी रिकामं केलं. सगळे बुधले, नळ्या, साखरेची पोती गेली. फरशी घासली, तरी दार उघडलं की तो आंबूस वास येतो. तू ९६ साली इथल्या प्लँटवर नोकरीला लागून पहिल्यांदा आमच्याकडे आलास तेव्हा तो वास नाकात जाताच म्हणाला होतास, ताई, तुझ्या घरात इडलीचं पीठ वाया गेलंय. रूपेश किती हसला होता. मग त्यानं तुला आत नेऊन टबमधले पाण्याचे मोठे बुधले दाखवले. द्राक्षाचा रस, साखर आणि यीस्ट, तोंडाला फुगा बांधलेला. इथे बाहेर दारूचा थेंब मिळत नाही म्हणून अर्ध्या बिल्डिंगीत हाच उद्योग चालायचा, आणि बायकांनी कानावर हात ठेवायचे. हात ठेवून कसं चालेल म्हणा. जमियाच्या सुपरमार्केटात एकाच बाईनं रसाचे खोके, साखर आणि यीस्ट असं सगळं घेतलं तर काउंटरवरचा माणूस ओळखतो. म्हणून साखर मी आणायची, रस सुमननं आणायचा, यीस्ट तिसऱ्याच कुणीतरी. सुमनचा नवरा चंद्रहास तुझ्याच प्लँटवर, त्यामुळे त्या घराला वेगळं आमंत्रण लागायचंच नाही. बुधले फसफसायला लागले की मी कांदा तळायला घ्यायचे, म्हणजे जिन्यात कांद्याचाच वास जाईल. सासूबाई म्हणायच्या, आमच्या रूपेशला कांदाभजी फार आवडतात वाटतं, प्रत्येक फोनमध्ये कढईचा आवाज येतो.

तू आलास आणि त्या घरगुती उद्योगाचा प्लँट झाला. प्लास्टिक बघून तू नाक मुरडलंस. म्हणालास, भाऊजी, हे काही खरं नाही, आपण स्टील आणू. बर्गरच्या दुकानांत तेव्हा कोल्ड्रिंकचा पाक पुठ्ठ्याच्या खोक्यांतल्या पिशव्यांतून यायला लागला होता आणि आधीच्या उभ्या स्टीलच्या टाक्या भंगारात निघाल्या होत्या. तू त्यांना केग म्हणायचास, मी कळशा. राईच्या भंगार बाजारात झहूरच्या गोडाऊनमध्ये त्या एकावर एक रचलेल्या असायच्या. एका गुरुवारी संध्याकाळी मीही आले होते, आठवतं? तू एकेक टाकी अशी बघत होतास की मुलगी बघायला आलेली माणसं तरी बरी. झाकण काढून आधी वास घ्यायचास. मग टॉर्च मारून आतला जोड बघायचास, कुठे काळा डाग आहे का, खड्डा आहे का. झाकणाचं रबर नखानं दाबायचास. म्हणायचास, रबर कोल्ड्रिंकचा वास सोडत नाही, ते फेकायचं आणि नवं बसवायचं. खिशातलं लोहचुंबक लावून बघायचास, आणि ते चिकटलं नाही, म्हणजे स्टील चांगलं निघालं, की तुझा चेहरा खुलायचा. झहूर कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "इंजीनियर साब, माल लेना है या निकाह करना है?" घरी आणून तू त्यात हवा भरलीस आणि बाहेरून साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधलेस. तीन टाक्या अशा पारखून आणल्यास आणि त्या तिन्ही चांगल्या निघाल्या. तेव्हाच्या तुझ्या कामात मी आजही खोट काढणार नाही.

खरी अडचण उन्हाळ्याची होती. ऑगस्टमध्ये एसी धापा टाकायला लागला की आतलं सगळं आंबट व्हायचं, व्हिनेगरसारखं. तुला अपयश सहन होत नाही, हे शाळेपासूनचं. गेल्या सप्टेंबरात तू झहूरकडून ती मोठी टाकी आणलीस. कुठल्या तरी बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या कारखान्यातली, दुहेरी भिंतीची. आतल्या भांड्यात माल, आणि दोन भिंतींमधल्या पोकळीत गार द्रव फिरवायचा. रूपेश तर तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होता. तू आधीसारखीच तिची तपासणी केलीस. वास घेतलास, चुंबक लावलंस, आत हवा भरून दाबाचा काटा लावलास, बाहेरून फेस फासलास. बुडबुडा एकही आला नाही. सकाळी काटा थोडा खाली उतरला होता. स्वरानं तो तुला दाखवला, तर तू तिला समोर बसवून समजावलंस की हवा गार झाली की दाब कमी होतो, एसी रात्रभर चालू होता, हे फिजिक्स आहे. तिनं ते शाळेच्या वहीतही लिहिलं. आम्ही सगळे कौतुकानं ऐकत होतो. भाऊ इतका हुशार असला की बहीण प्रश्न विचारत नाही.

तुकारामला तूच आणलंस. तुझ्या प्लँटवर कंत्राटदाराकडे वेल्डर, देवगडकडचा, शुऐब्याला लेबर क्वार्टरमध्ये राहणारा. त्यानं टाकीच्या झाकणाला तोटी बसवली आणि खाली पाय जोडून दिले. बाकी त्यानं तिला हात लावला नाही. मी त्याला जेवायला थांबवलं तेव्हा रूपेशनं आधीच्या टाकीतला ग्लास पुढे केला. तो दोन पावलं मागे सरला. म्हणाला, "माका नको, सायबानू. भयनीचा लगीन होयसर देवाक शब्द दिलेलो आसा." त्याच्या वडिलांनी दारूपायी घर बुडवलं होतं, म्हणून बहिणीचं लग्न लागेपर्यंत थेंब घेणार नाही असं त्यानं गावच्या देवळात सगळ्यांसमोर गाऱ्हाणं घातलं होतं. रूपेशनं ग्लास मागे घेतला आणि त्याला पानात आणखी एक पोळी वाढली. तू चेष्टा केलीस, देवाला इथला पत्ता माहीत नाही म्हणून. तुकाराम नुसता हसला.

आणि मग तो पांढरा कॅन. तू गाडीच्या डिकीतून काढून न्हाणीघरात नेलास, नरसाळं लावून टाकीच्या पोकळीत ओतायला लागलास. मी दारात उभी होते, विचारलं हे काय. तू म्हणालास, कूलंट, गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तसलं, प्लँटवर रोज वापरतो. मी म्हटलं, अरे, खाण्यापिण्याच्या भांड्याला? तू म्हणालास, ताई, मध्ये स्टीलची भिंत आहे, ते याला कधी भेटणारच नाही. पाण्यासारखं दिसत होतं ते. मी पोळ्या लाटायला गेले.

दिवाळीला सगळे जमले होते, तुकारामही. यंदाची गोडसर आहे, असं पहिला घोट घेऊन चंद्रहास म्हणाला होता. रूपेश म्हणाला, माझ्या मेहुण्याच्या हातची आहे, गोड असणारच. तू त्या दिवशी पोट बिघडलंय म्हणून ताक पीत होतास. यात मी काही शोधत नाही, तुझं पोट खरंच बिघडलं होतं, जिऱ्याचं पाणी मीच करून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी रूपेशला उलट्या झाल्या. आम्हाला वाटलं चढली. तिसऱ्या दिवशी त्याला लघवी होईना. जी थोडी झाली ती मी क्लिनिकमध्ये नेली आणि स्वतः काचेवर घेऊन बघितली. सुयोग, मी बारा वर्षं लॅबमध्ये आहे. विषबाधेतले तसले स्फटिक मी फक्त पुस्तकातल्या चित्रात बघितले होते, आणि आता ते माझ्या नवऱ्याच्या नावाच्या चिठ्ठीखाली होते. हॉस्पिटलमध्ये त्यांनी लगेच मशीन लावलं. पण उशीर झाला होता. शेवटी शेवटी तो मला ओळखत नव्हता. माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, सिस्टर, माझी बायको आली का? हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. आईलाही सांगितलं नाही.

रूपेश आयसीयूत असताना हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून तू तुकारामला फोन केलास. मी खुर्चीत होते, मला ऐकू येत होतं. घरातून ती टाकी उचल, तुझ्याकडे ठेव, मी आलो की बघतो. तो बिचारा कुणाची तरी पिकअप मागून घेऊन आला आणि घेऊन गेला. मग आपण तिघं रूपेशला घेऊन नाशिकला गेलो. तेराव्याच्या दिवशी तू म्हणालास, ताई, तू पुढे हो, मी आठवड्यात येतो. मी इथे उतरले तेव्हा बाकीच्यांचं उलट्यांवर निभावलं होतं, पण चंद्रहास डायलिसिसवर होता. त्याच्याही रक्तात तेच कूलंटचं विष सापडल्यावर हॉस्पिटलनं पोलिसांना कळवलं होतं, आणि पोलिसांना ती टाकी तुकारामच्या खोलीत मिळाली होती. मला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, दारू माझा नवरा घरात करत होता, आणि टाकीचं सगळं माझ्या भावाला माहीत आहे, तो येतोय, तो नीट सांगेल. मला खरंच वाटत होतं तू येशील. आणि मग कळलं की तू राजीनाम्याचा फॅक्स पाठवलास.

हे झालं कसं, ते मला चंद्रहासनं समजावून सांगितलं. तो आता आठवड्यातून तीनदा त्या मशीनला जोडलेला असतो, त्याला विचार करायला वेळच वेळ आहे. म्हणाला, वहिनी, सुयोगनं फेस लावला तो बाहेरच्या भिंतीला. छिद्र होतं आतल्या भिंतीला, अगदी तळाशी. आतली हवा पोकळीत शिरत होती, तिथेच कोंडून राहत होती, बाहेर बुडबुडा कुठून येणार? तो काटा खाली आला ते एसीमुळे नाही, तेच ते छिद्र होतं. आपण प्लँटवर सगळं बाहेरूनच तपासतो, म्हणाला, त्यालाही तसंच वाटलं असणार. मीही तसंच केलं असतं. तुझ्यावर तो चिडलेला नाही. मीही त्याबद्दल चिडलेली नाही. भरल्या घरात तू कुणाला मारायला निघाला नव्हतास, आणि रूपेश तुला धाकट्या भावासारखा मानत होता, हे मला कुणी सांगायला नको.

चिडले ती जानेवारीतल्या फोनवर. तुझं विनिताशी लग्न ठरल्याचं तू सांगितलंस. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग मी तुकारामचं विचारलं. म्हटलं, सुयोग, एक जबाब लिहून वकिलामार्फत पाठव, टाकी कुणी आणली, आत काय ओतलं, एवढंच. आणि तू म्हणालास, ताई, तो लेबर आहे, असल्या लोकांना ते फार तर डिपोर्ट करतात, माझं मात्र करिअर जाईल. बाबा गेल्यावर तुला डबा करून देणारी, तुझ्या फीसाठी शिकवण्या करणारी मी. मला वाटलं, हे मी कुणाला वाढवलं?

फार तर डिपोर्ट करत नाहीत, सुयोग. त्याच्यावर दारू विकल्याचा आरोप आहे आणि त्यात जाणूनबुजून विष मिसळल्याचा. माणूस मेलाय. आणि त्याच्याविरुद्ध सगळ्यात मोठी गोष्ट कोणती धरली आहे माहीत आहे? टाकी त्याच्याकडे सापडली, जोडकाम त्याचं, आणि सगळे प्यायले तेव्हा त्यानं घेतली नाही. का घेतली नाहीस, असं विचारलं तर तो सांगतो देवाला शब्द दिलाय. दुभाष्यानं ते कसं सांगितलं असेल कोण जाणे. तिथे कुणाचा त्यावर विश्वास बसलेला नाही.

मी त्याला भेटायला गेले होते. जाळीच्या पलीकडे तो आला, गळ्याची हाडं वर आलेली, दाढी वाढलेली. मला बघून आधी स्वराची चौकशी केली. मी विचारलं, तुकाराम, तू साहेबांचं नाव का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तेंचा नाव माझ्या तोंडान कशाक? सायेब इले काय सगळा सांगतले." सुट्टीवर गेलेला माणूस परत येतो, एवढंच त्याला माहीत. त्याला वाटतं तू अजून तेराव्यालाच आहेस. त्याच्या आईचा, ठकूबाईंचा, गावच्या बूथवरून फोन येतो. माझा नंबर त्यांना कुणी दिला माहीत नाही. लाइन खराब असते, ओरडून बोलावं लागतं. त्या एकच विचारतात, "माझो झील कदी सुटतलो, बाय?" बहिणीची सोयरीक मोडली आहे, कारण भाऊ परदेशात खुनाच्या आरोपाखाली आहे ही बातमी गावात पोचली. मी प्रत्येक वेळी म्हणत होते, लवकरच. परवा तुझा फोन येऊन गेल्यावर मला कळलं की आता ते मला म्हणता येणार नाही.

आज सकाळी मी दूतावासातल्या एका गृहस्थांना आणि दुभाष्याला घेऊन तपास अधिकाऱ्याकडे गेले. त्यांना सांगितलं की टाकी माझ्या भावानं निवडली, तपासली, घरी आणली. कूलंट त्यानं प्लँटवरून आणून माझ्यासमोर ओतलं. टाकी हलवायला त्यानंच फोन केला. तुकारामनं फक्त झाकणाला तोटी लावली आणि पाय जोडले, आणि तो पीत नाही हे मला आधीपासून माहीत होतं. त्यांनी नाव विचारलं. मी तुझं पूर्ण नाव सांगितलं, बाबांच्या नावासकट, आणि नाशिकचा पत्ता. खाली सही केली. वकील म्हणतात विषाचा आरोप यामुळे टिकणार नाही, पण पुढचं सगळं आता तुझ्या दिशेनं येईल. कधी, कसं, ते मला माहीत नाही. इकडे तुला पुन्हा पाय ठेवता येणार नाही, कदाचित तिकडेही कुणी दारात येईल. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. आईला तू सांग, विनितालाही तूच सांग, साखरपुड्याच्या आधी. मी सांगितलं तर त्यांना माझा राग येईल आणि तू सुटशील, म्हणून मी सांगणार नाही. परत येताना तुरुंगात गेले आणि तुकारामला म्हटलं, साहेब येणार नाहीत. तो म्हणाला, तेंका बरा नाय काय? मी म्हटलं, नाही, बरा आहे तो. लग्नाला मला बोलावशील की नाही, तुझ्या मनावर आहे. बोलावलंस तर मी येईन.

तुझीच, अजूनही,
मुक्ताताई